परीक्षक मंडळाचा नकार
अमेरिकेतील मृत्तिकाकला-प्रदर्शने आणि निवडीचा प्रश्न (१९३२–१९८७)

कलावंतांना खुले आवाहन करावयाचे, आलेल्या कृती जाणत्या परीक्षकांपुढे ठेवावयाच्या, त्यांनी निवडलेल्या तेवढ्याच प्रदर्शनात मांडावयाच्या आणि त्यांतील उत्तमांना पारितोषिके द्यावयाची, ही पद्धत आधुनिक कलाजीवनात इतकी रूढ झाली आहे की तिच्या मुळाशी असलेल्या गृहीतांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परीक्षकांपाशी एक समान मानदंड आहे, आलेल्या कृती परस्परांशी तुलनीय आहेत आणि परीक्षकांपुढे जे येते ती प्रत्यक्ष कृतीच होय, अशी ही तीन गृहीते आहेत. चित्रकलेच्या क्षेत्रात त्यांच्यावर फार पूर्वीच आघात झाला. पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनातून परीक्षकांनी वगळलेली चित्रे इ. स. १८६३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने वेगळ्या दालनात मांडण्यात आली आणि परीक्षकांचा निर्णय तपासून पाहण्याची संधी लोकांना मिळाली.

मृत्तिकाकलेवर ही वेळ बरीच उशिरा आली. आली तेव्हा मात्र तिचे स्वरूप अधिक तीव्र होते. इ. स. १९७२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज या नगरीत, अमेरिकेतील मृत्तिकाकलेचे सर्वांत प्रतिष्ठित मानले गेलेले परीक्षित प्रदर्शन भरावयाचे होते. तिघा परीक्षकांनी सुमारे ४,५०० स्लाइड पाहिल्या आणि सर्वच्या सर्व प्रवेशिका नाकारल्या. या घटनेकडे पुष्कळदा एक विलक्षण प्रसंग म्हणून पाहिले जाते. वस्तुतः वर सांगितलेली तिन्ही गृहीते चाळीस वर्षांच्या अवधीत एकामागून एक कशी ढासळत गेली, याचा तो शेवटचा अंक होता. या प्रक्रियेत विद्यापीठांचा वाटा मोठा आहे. मृत्तिकाकलेचा विस्तार त्यांनीच घडवून आणला, आणि परीक्षित प्रदर्शनाला पर्याय ठरू शकणारी पद्धतही एका महाविद्यालयाच्या कलादालनातच वाढली. तो पर्याय कोणत्या मोलाने मिळाला, हे पाहणे हा या निबंधाचा मुख्य हेतू आहे.

१. स्मारक आणि मानदंड

सिराक्यूजच्या प्रदर्शनाचा उगम एका व्यक्तीच्या स्मरणात आहे. ॲडलेड ऑल्सप रॉबिनो (१८६५–१९२९) यांनी आपल्या पतीसह १८९९ मध्ये 'केरॅमिक स्टुडिओ' हे मासिक सुरू केले. त्याचा वाचकवर्ग प्रामुख्याने दुसऱ्याने घडविलेल्या पांढऱ्या चिनीमातीच्या भांड्यांवर रंगकाम करणाऱ्या स्त्रियांचा होता. रॉबिनो स्वतः या रंगकामापासून पुढे सरकत माती तयार करणे, घडविणे, झिलई देणे आणि भाजणे ही सारी कामे एकाच हातात आणणाऱ्या पोर्सेलीन-कलावंत झाल्या. इ. स. १९२० पासून त्यांनी सिराक्यूज विद्यापीठात अध्यापनही केले.

त्यांच्या १९१० सालच्या प्रसिद्ध 'स्कॅरब' कलशाची हकीकत येथे मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. कोरड्या, कच्च्या पोर्सेलीनवर सुमारे १,००० तास कोरीव काम करून सिद्ध केलेला हा कलश पहिल्या भट्टीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या बुडाशी तडे गेले होते. त्यांचे सहकारी, फ्रेंच मृत्तिकाकार ताक्सिल दोआ यांनी ते तडे लुकणाने बुजविण्याचा सल्ला दिला. रॉबिनो यांनी तो मानला नाही. पोर्सेलीनचीच पूड तड्यांत भरून, पुन्हा झिलई देऊन त्यांनी कलश दुसऱ्यांदा भाजला, आणि तो निर्दोष निघाला. पुढील वर्षी तुरिनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांच्या कामाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. संपूर्ण कारागिरी एका हाताची असावी आणि दोष झाकून न टाकता तो निवारावा, हा मानदंड या उदाहरणातून प्रस्थापित झाला. हा दोष कलशाच्या बुडाशी होता, म्हणजे कृती हातात घेऊन उलटल्याखेरीज दिसणार नाही अशा जागी होता, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

रॉबिनो यांच्या मृत्यूनंतर सिराक्यूज येथील ललितकला संग्रहालयाच्या संचालिका ॲना वेदरिल ओल्मस्टेड यांनी १९३२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक मृत्तिकाकला-प्रदर्शन भरविले. पहिल्या वर्षी ते न्यूयॉर्क राज्यातील कलावंतांपुरते मर्यादित होते. दुसऱ्याच वर्षी ते सर्व देशाला खुले करण्यात आले. 'सिरॅमिक नॅशनल' या नावाने ते पुढे प्रसिद्धीस आले. तो काळ आर्थिक मंदीचा होता. क्लीव्हलंडजवळचा आर. गाय कॉवन यांचा कलात्मक भांड्यांचा कारखाना त्याच सुमारास बंद पडला. कॉवन स्वतः सिराक्यूजच्या ऑनंडागा पॉटरी कंपनीत दाखल झाले आणि ओल्मस्टेड यांना प्रदर्शनाच्या कामी त्यांचे साहाय्य लाभले. कारखान्यांचा आश्रय तुटत असताना मृत्तिकाकाराला जाणकार समाज मिळवून देणारे दुसरे एक स्थान हवे होते. संग्रहालयाच्या या प्रदर्शनाने ती उणीव भरून काढली.

२. देशव्यापी न्यायासन

प्रारंभीच्या दोन दशकांत हे प्रदर्शन झपाट्याने वाढले. निवडलेल्या कृती देशातील इतर संग्रहालयांत फिरविल्या जात. १९३६-३७ मध्ये अमेरिकन मृत्तिकाकलेचा एक संग्रह स्कँडिनेव्हियातील देशांत व इंग्लंडमध्ये दाखविण्यात आला आणि परतल्यावर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडण्यात आला. युरोपच्या, विशेषतः स्कँडिनेव्हियाच्या, तुलनेत आपल्याकडे मृत्तिकाकलेची परंपरा नाही, ही खंत बाळगणाऱ्या अमेरिकन कलावंतांच्या दृष्टीने या दौऱ्याचे महत्त्व सहज समजण्याजोगे आहे. युद्धकाळात प्रदर्शनात खंड पडला. १९४६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, आणि पुढे, १९५० नंतरच्या काळात, दर दोन वर्षांनी भरू लागले.

प्रदर्शनात येणाऱ्या कृतींचे वैविध्य या काळातही थोडे नव्हते. क्लीव्हलंडचे व्हिक्टर श्रेकेनगॉस्ट यांची विनोदी व उपरोधिक मृत्तिकाशिल्पे होती. फिनलंडमध्ये जन्मलेल्या आणि क्रॅनब्रुक येथे अध्यापन करणाऱ्या मैया ग्रोटेल यांची घनगंभीर भांडी होती. व्हिएन्ना सोडून १९३८ मध्ये लॉस एंजेलिस येथे आलेल्या गरट्रूड व ऑटो नात्स्लर या दांपत्याची अत्यंत पातळ, विलक्षण झिलईची पात्रे होती. परंतु या सर्वांच्या मागे काही मान्यता समान होत्या. माती, झिलई आणि अग्नी यांवर कर्त्याचे प्रभुत्व असावे, आकाराला अंतर्गत सुसंगती असावी आणि पात्र असेल तर त्याचा काठ, पोट व बूड यांचे नाते साधलेले असावे, याविषयी परीक्षकांत व प्रवेशकांत फारसा मतभेद नव्हता. मतभेद असत ते विशिष्ट कृतीबद्दल, मानदंडाबद्दल नव्हे.

शिवाय, प्रदर्शनाच्या विस्ताराबरोबर देशाच्या निरनिराळ्या भागांत प्रादेशिक परीक्षणाची योजना करण्यात आली. त्यामुळे दूरच्या कलावंतालाही आपली कृती परीक्षकांच्या हाती पोचविणे शक्य झाले. या व्यवस्थेचे सामर्थ्य एका उदाहरणावरून स्पष्ट होते. मोंटानासारख्या कलाकेंद्रांपासून दूर असलेल्या राज्यात, युद्धावरून परतलेला एक तरुण माजी सैनिकांसाठीच्या सरकारी सवलतीवर महाविद्यालयात शिकत होता. त्याच्या भांड्यांना विद्यार्थिदशेतच सिराक्यूजच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळाले आणि त्याचे नाव देशभर झाले. हा तरुण म्हणजे पीटर व्होल्कोस (१९२४–२००२). त्याला कोणी ओळखत नव्हते, त्याच्यासाठी कोणी शब्द टाकण्याची गरज पडली नाही. भांडे परीक्षकांसमोर आले आणि ते चांगले होते, एवढे पुरेसे झाले. खुल्या प्रवेशाच्या पद्धतीचा याहून चांगला समर्थक पुरावा सापडणे कठीण.

३. विद्यापीठांतील विस्तार आणि मानदंडाचे विघटन

न्यूयॉर्क राज्यातील आल्फ्रेड येथे चार्ल्स फर्गस बिन्स यांच्या संचालकत्वाखाली १९०० मध्ये मृत्तिकाविद्येची शाळा निघाली, तेव्हापासून या विषयाचे शास्त्रीय शिक्षण अमेरिकेत मिळू लागले होते. तथापि, खरा विस्तार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना उच्च शिक्षणाची दारे उघडली आणि कलाविभागांत चाके व भट्ट्या वाढल्या. मृत्तिकाकाराचा उदरनिर्वाह यापुढे भांडी विकण्यावर अवलंबून राहिला नाही; तो अध्यापनाच्या वेतनावर चालू लागला. या बदलाचा परिणाम दूरगामी होता. भांडे कोणाच्या तरी घरात वापरले गेले पाहिजे, हे बंधन आर्थिक दृष्ट्या सैल झाले. विद्यापीठाच्या कलाविभागात मृत्तिकाकाराच्या शेजारी चित्रकार व शिल्पकार होते, आणि त्यांच्या प्रश्नांचा संसर्ग अपरिहार्य होता.

व्होल्कोस १९५४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कलासंस्थेत, जी पुढे ओटिस या नावाने ओळखली गेली, मृत्तिकाविभाग उभारण्यास गेले. तेथे त्यांच्याभोवती पॉल सोल्डनर, जॉन मेसन, केन प्राइस इत्यादी तरुण जमले. चाकावर घडविलेले आकार कापणे, फाडणे, एकमेकांवर रचणे, भेगांना दोष न मानता रचनेचा भाग मानणे, हे तेथे नित्याचे झाले. रॉबिनो यांनी ज्या तड्याच्या निवारणासाठी कलश पुन्हा भट्टीत घातला, तोच तडा आता अभिव्यक्तीचे साधन ठरला. १९५९ मध्ये व्होल्कोस बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले. १९६१ मध्ये 'क्राफ्ट होरायझन्स' या नियतकालिकात रोझ स्लिव्का यांनी या नव्या प्रवाहाची मांडणी करणारा लेख लिहिला, आणि त्यावरून झालेला वाद प्रसिद्धच आहे.

याच विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत १९६२ पासून अध्यापन करणारे रॉबर्ट आर्नेसन आणखी वेगळ्या दिशेने गेले. त्यांनी १९६३ मध्ये ओकलंड येथील एका शिल्पप्रदर्शनासाठी मातीचे शौचपात्र घडविले. आयोजकांना ते तेथून हलवावे लागले. सुबक झिलई ही येथे गुणवत्तेची खूण राहिली नाही; ओबडधोबडपणा हा विनोदाचा व टीकेचा अंगभूत भाग होता. अशा रीतीने १९६५ च्या सुमारास एकाच 'मृत्तिकाकला' या नावाखाली जपानी परंपरेचा अभ्यास करून घडविलेला साधा वाडगा, माणसाच्या उंचीचे फोडून रचलेले शिल्प आणि उपहासात्मक वस्तू अशा कृती नांदू लागल्या. त्यांतील प्रत्येकीला स्वतःचा मानदंड होता. एकीच्या मापाने दुसरी मोजता येत नव्हती. म्हणजे समान मानदंड आणि तुलनीयता ही पहिली दोन गृहीते १९७२ च्या आधीच निकामी झाली होती. परीक्षक मंडळाची पद्धत तेवढी जशीच्या तशी उरली होती.

४. पाहणे आणि हाती घेणे

तिसरे गृहीत म्हणजे परीक्षकांपुढे प्रत्यक्ष कृतीच येते, हे. मृत्तिकाकलेत याचे महत्त्व चित्रकलेपेक्षाही अधिक आहे. आपल्याकडे बाजारात माठ घेणारी गृहिणीही तो नुसता पाहून घेत नाही. टिचकी मारून त्याचा नाद ऐकते, उचलून वजन पाहते, आतून हात फिरविते. भांड्याचे ज्ञान डोळ्याइतकेच हाताला व कानाला होते. भिंतीची जाडी, काठाचा स्पर्श, बुडाची कड नीट छाटली आहे की नाही, झिलईची खोली आणि मुख्य म्हणजे वजन आकारमानाशी जुळते की नाही, या गोष्टी छायाचित्रात उतरत नाहीत.

१९७२ मध्ये परीक्षकांसमोर स्लाइड होत्या. या सोयीमागची कारणे उघड आहेत. कृती मोठ्या व नाजूक होत चालल्या होत्या. हजारो वस्तू वेष्टनात बांधून देशभरातून मागविणे आणि त्यांतील बहुसंख्य परत पाठविणे खर्चाचे व जोखमीचे होते. परंतु पडद्यावर प्रक्षेपित झालेली चहाची पेटी आणि दीड पुरुष उंचीचे शिल्प यांचा आकार सारखाच दिसतो. प्रकाशयोजना, पार्श्वभूमी आणि छायाचित्रकाराचे कौशल्य यांचा निर्णयावर परिणाम होतो. चांगली छायाचित्रे घेण्याची सोय असलेला कलावंत, तशी सोय नसलेल्यापेक्षा पुढे जातो. एकामागून एक हजारो प्रतिमा पाहताना डोळ्यांना जी विविधता जाणवते ती प्रायः बाह्य क्लृप्तीची असते. शांत आणि संयत भांडे अशा ओघात सर्वांत प्रथम हरवते. रॉबिनो यांच्या कलशाच्या बुडाचे तडे एखाद्या स्लाइडमध्ये दिसले नसते. आणि ते बुजवून कलश निर्दोष करण्यातले कर्तृत्वही दिसले नसते.

त्या वर्षीचे परीक्षक होते पीटर व्होल्कोस, रॉबर्ट टर्नर आणि जेफ श्लँगर. टर्नर हे ब्लॅक माउंटन महाविद्यालयात मृत्तिकाशाळा उभारणारे आणि नंतर आल्फ्रेड येथे शिकविणारे संयमी वृत्तीचे भांडेकार होते. श्लँगर हे ग्रोटेल यांचे विद्यार्थी. म्हणजे मंडळात वेगवेगळ्या परंपरांचे प्रतिनिधी होते, आणि तिघेही हाताने माती घडविणारे होते. बाहेरच्या एखाद्या समीक्षकाने अज्ञानाने दिलेला हा निकाल नव्हता. अशा मंडळाने सर्व प्रवेशिका नाकाराव्यात, यावरून एवढे तरी निश्चित होते की जे त्यांच्यापुढे ठेवले गेले त्यावरून एक प्रदर्शन घडविणे त्यांना शक्य वाटले नाही. संग्रहालयाने त्याऐवजी निमंत्रित कलावंतांच्या आणि पूर्वीच्या संग्रहातील कृती मांडल्या.

५. नकाराचे दोन अर्थ

या निर्णयाचे समर्थन करता येते. परीक्षकपद हे विश्वस्ताचे पद आहे. भिंती व चौथरे भरण्यासाठी मन मानत नसताना निवड करणे, हा त्या विश्वासाचा भंग ठरला असता. प्रतिष्ठित प्रदर्शनातील प्रवेश हा अध्यापकपदाच्या नेमणुकीत व बढतीत उपयोगी पडणारा दाखला झाला असेल, तर तो दाखला देणे नाकारण्याचा अधिकार परीक्षकांना असलाच पाहिजे. सर्वांना नकार देऊन त्यांनी मूळ पद्धतीतच दोष आहे हे जेवढ्या स्पष्टपणे दाखविले, तेवढे नेहमीप्रमाणे काही कृती निवडून ते दाखविता आले नसते.

तथापि, दुसरी बाजूही तितकीच बलवत्तर आहे. पद्धत सदोष होती हे मान्य केले, तरी शिक्षा मात्र प्रवेशकांना झाली. १८६३ च्या पॅरिसमध्ये नाकारलेली चित्रे शहरातच होती, म्हणून ती लोकांना दाखविता आली आणि परीक्षकांचा न्याय तपासता आला. १९७२ मध्ये नाकारलेली भांडी सिराक्यूजला आलीच नव्हती. ती आपापल्या कर्त्यांच्या कार्यशाळांत, देशभर विखुरलेली होती. त्यामुळे निर्णयाची पुनर्परीक्षा करणे कोणालाच शक्य राहिले नाही. परीक्षकांचा अधिकार इतका निरपवाद झाला तो त्यांच्या वृत्तीमुळे नव्हे. साधनामुळे तसे घडले. आणि सर्वांत क्लेशकारक गोष्ट अशी की, ज्या खुल्या दारातून मोंटानाचा एक अज्ञात विद्यार्थी आत आला होता, तेच दार त्याच्या सहभागाने बंद झाले. १९७२ च्या त्या हजारो प्रतिमांत दुसरा एखादा व्होल्कोस होता की नव्हता, हे आता कोणीही सांगू शकत नाही.

१९७२ चे प्रदर्शन क्रमाने सत्ताविसावे व्हावयाचे होते. १९६८ पासून आय. एम. पेई यांनी रचलेल्या नव्या वास्तूत असलेल्या या संग्रहालयाने, म्हणजे एव्हरसन संग्रहालयाने, १९७९ मध्ये अमेरिकन मृत्तिकाकलेच्या शंभर वर्षांचा आढावा घेणारे मोठे प्रदर्शन भरविले. परंतु खुले राष्ट्रीय प्रदर्शन पंधरा वर्षे स्थगित राहिले. १९८७ मध्ये ते पुन्हा भरले, तेव्हा त्याला सत्ताविसावे हाच क्रमांक देण्यात आला. संस्थेच्या गणनेत १९७२ हे वर्ष जणू आलेच नव्हते.

६. महाविद्यालयाच्या कलादालनातील पर्याय

याच कालखंडात खंडाच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळी पद्धत शांतपणे रुजत होती. कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट येथील स्क्रिप्स महाविद्यालयात विल्यम मँकर यांनी १९४५ मध्ये मृत्तिकाकलेचे वार्षिक प्रदर्शन सुरू केले. ते पुढे दरवर्षी महाविद्यालयाच्या कलादालनात भरत राहिले, आणि अमेरिकेतील या कलेचे सर्वांत दीर्घकाळ चाललेले प्रदर्शन म्हणून ते ओळखले जाते. व्होल्कोस यांचे पहिले विद्यार्थी पॉल सोल्डनर यांनी तेथे अध्यापन करीत असताना अनेक वर्षे त्याची सूत्रे सांभाळली. नंतरच्या काळात दरवर्षी बाहेरचा एखादा कलावंत किंवा जाणकार संयोजक म्हणून बोलावण्याची प्रथा पडली. येथे खुल्या प्रवेशिका नाहीत, मतदान नाही, पारितोषिकांचा क्रम नाही. एक नामनिर्दिष्ट व्यक्ती निवड करते आणि तिची जबाबदारी घेते.

या पद्धतीने वर सांगितलेल्या तीन अडचणींची उत्तरे मिळाली, हे मान्य केले पाहिजे. समान मानदंड असल्याचा दावाच नाही, म्हणून तो कोसळण्याचाही प्रश्न नाही. अतुलनीय कृतींना एकाच तराजूत घालावे लागत नाही; त्या एकमेकींशेजारी ठेवून त्यांचा संवाद घडविता येतो. संयोजक कार्यशाळांत जाऊन कृती हाताने तपासू शकतो. शिवाय विद्यापीठीय दालनाचा प्रेक्षक हा मुख्यतः विद्यार्थी असल्याने, त्याच्या दृष्टीने निवडीमागील विचार हाच अभ्यासाचा विषय होतो. लॉस एंजेलिसमधील गणिताचे अध्यापक फ्रेड मेरर यांनी तरुण मृत्तिकाकारांकडून वर्षानुवर्षे जमविलेला मोठा संग्रह शेवटी याच महाविद्यालयाकडे आला, ही घटनाही या वातावरणाशी सुसंगत आहे.

परंतु या उत्तरांची किंमत दृष्टिआड करता येत नाही. संयोजक ज्यांना ओळखतो, ज्यांचे काम त्याने पाहिले आहे, त्यांच्यातूनच निवड होते. गुरू, शिष्य आणि मित्र यांचे वर्तुळ हेच मग प्रवेशद्वार होते. दूरच्या गावात, कोणाच्याही परिचयाविना, चांगले भांडे घडविणाऱ्याने काय करावे, या प्रश्नाला या पद्धतीत उत्तर नाही. परीक्षित प्रदर्शनात अन्याय होत असे, पण अन्याय झाला असे म्हणण्याचा हक्क प्रवेशकाला होता; कारण त्याने अर्ज केला होता. निमंत्रणाच्या पद्धतीत ज्याला बोलावले नाही त्याची नोंदही राहत नाही.

उपसंहार

सिराक्यूजच्या प्रदर्शनाच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष परीक्षक मंडळाची पद्धत त्याज्य आहे असा नाही. मानदंड एक असेल तेव्हा परीक्षकांचे काम मापनाचे असते. मानदंड अनेक झाले म्हणजे ते अर्थनिर्णयाचे होते, आणि अर्थनिर्णय करणाऱ्याने आपली भूमिका व कारणे सांगणे अगत्याचे ठरते. बहुमताने, कारण न देता, दुरून घेतलेला निर्णय मापनाच्या काळात चालून गेला. अर्थनिर्णयाच्या काळात तो चालला नाही. त्याचबरोबर, निवडणाऱ्याचे नाव जाहीर केल्याने निवड आपोआप न्याय्य होत नाही, हे क्लेअरमाँटच्या उदाहरणावरून दिसते.

आज विद्यापीठांच्या कलादालनांत भरणाऱ्या परीक्षित मृत्तिका-प्रदर्शनांत या दोन्ही परंपरांचे मिश्रण आढळते. खुले आवाहन असते, परीक्षक एकच किंवा मोजके व नामनिर्दिष्ट असतात, आणि पहिली पारख बहुधा प्रतिमांवरूनच होते. फक्त पारदर्शिकेची जागा संगणकावरील छायाचित्राने घेतली आहे. म्हणजे अज्ञात कलावंतासाठी दार उघडे ठेवण्याची जुनी निष्ठा टिकली आहे, आणि कृती हाती न घेता तिचा न्याय करण्याचा जुना दोषही टिकला आहे. पहिली निवड प्रतिमेवरून केली तरी अंतिम निवड प्रत्यक्ष वस्तूवरून करणे, आणि नाकारलेल्यांनाही कारण कळविणे, या दोन गोष्टींचा खर्च मोठा आहे. तो टाळण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांच्यासाठी १९७२ चे रिकामे राहिलेले प्रदर्शन हा उपलब्ध असलेला सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.